अठराच्या आधीची सव्वादोन वर्षं : इंदूरच्या एका फॉस्टर मुलीचं प्रकरण

हे प्रकरण केसवर्कर (मुलाची फाइल सांभाळणारे कार्यकर्ते) आणि फॉस्टर पालक (दत्तक न घेता, सरकारी आदेशाने मूल आपल्या घरी वाढवणारे) यांच्या प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे. मुलगी, घर आणि प्रसंग रचलेले आहेत. कायद्याची कलमं, योजना आणि त्यांच्या रकमा खऱ्या आहेत. किशोर न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही, त्यामुळे एखाद्या खऱ्या मुलीबद्दल इतक्या बारकाईने लिहिताच आलं नसतं. घरभाडं, किराणा यांचे आकडे या प्रकरणातले आहेत. आपल्या भागात ते बदलून घ्यावेत, पण हिशेबाची रीत तीच ठेवावी.

परिस्थिती

मे महिना. मुलीचं वय १५ वर्षं ९ महिने, दहावीचा निकाल नुकताच लागलेला. सहा वर्षांची असताना आई वारली, वडिलांचा पत्ता नाही. तीन वर्षं खंडव्याला आजीकडे काढली. आजी थकल्यावर भावंडं इंदूरच्या वेगवेगळ्या बालगृहांत आली. मुलगी तेरा वर्षांची झाल्यावर जिल्ह्यात अशा मुलांचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीच्या आदेशाने, कलम ४४ खाली, राजेंद्रनगरातल्या एका मराठी कुटुंबात फॉस्टर म्हणून राहायला गेली. काका निवृत्त, काकू घरी शिवणकाम करतात, दोघंही साठीच्या आसपास. ती त्यांना काका-काकू म्हणते, आई-बाबा नाही, आणि त्यावरून घरात कुणाचंच काही अडत नाही. धाकटा भाऊ बारा वर्षांचा, अजून बालगृहातच. मुलीला थायरॉइडची गोळी रोज घ्यावी लागते.

स्वयंपाक येतो, अभ्यास ठीक, स्वभाव अबोल. मासिक भेटीच्या अहवालात 'समाधानकारक' हा शब्द दर वेळी. अशाच मुलीकडे दुर्लक्ष होतं. काही बिघडलेलं नसतं, म्हणून तयारी 'बघू पुढे' वर जाते आणि सतरा वर्षं दहा महिन्यांना एकदम धावपळ सुरू होते.

या प्रकरणात तयारीचं सूत्र एकच होतं. फोन, पैसा, औषध, कागद, दाराची किल्ली या एकेका गोष्टीचा ताबा मुलीकडे अशा वयात द्यायचा, जेव्हा चूक झाली तरी ती स्वस्तात निभावते. जीवनकौशल्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरांबद्दल आमचं मत फारसं बरं नाही. तिथे बँकेची स्लिप भरायला शिकवतात, पण शाखेतून 'हे खातं चालू नाही, सोमवारी या' असं सांगून परत पाठवल्यावर काय करायचं, ते तिथे येत नाही.

कागद : आधी कोणता, मग कोणता

पहिल्याच बैठकीत फाइल उघडली. आधार कार्ड बालगृहात असताना काढलेलं. पत्ता बालगृहाचा, मोबाइल नंबर नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याचा, जन्मतारीख १ जानेवारी. शाळेच्या नोंदीत आणि दहावीच्या गुणपत्रिकेत मात्र त्याच वर्षाची १४ ऑगस्ट. जन्माचा दाखला हाताशी नसला की आधार काढताना अंदाजाने १ जानेवारी टाकतात आणि ती तशीच राहून जाते.

या साडेसात महिन्यांच्या फरकाची किंमत काढून बघावी. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली फॉस्टर मुलासाठी दरमहा ४,००० रुपये मिळतात. योजनेच्या पोर्टलवर आधारची तारीख गेली तर ती जानेवारीतच अठराची दिसणार, म्हणजे ३०,००० रुपये कागदावरच बुडाले. शिवाय दहावीनंतर घेतलेल्या आयटीआयचं दुसरं वर्ष अर्ध्यावर असतानाच तिच्यामागचा आधार सुटणार. वय कशावरून धरायचं याचा क्रम कलम ९४ मध्ये आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. या क्रमात आधार कार्ड नाही.

आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाई केली नाही. दहावीची मूळ गुणपत्रिका हातात आली, तिच्यावरचं नाव अक्षरशः तपासलं, आणि मगच केंद्रावर गेले. एकाच फेरीत चार कामं झाली : जन्मतारीख, पत्ता, मोबाइल नंबर आणि बोटांचे-डोळ्यांचे ठसे. पंधराव्या वर्षानंतर ठसे पुन्हा द्यावेच लागतात आणि १५ ते १७ या वयात ते फुकट होतं. तिचे ठसे नवव्या वर्षीचे होते. ते तसेच राहिले असते तर बँकेत अंगठा जुळला नसता.

मोबाइल नंबरची गाठ वेगळी. अठराच्या आत सिम कार्ड स्वतःच्या नावावर मिळत नाही. त्यामुळे सिम काकूंच्या नावावर घेतलं, पण ते मुलीच्याच फोनमध्ये राहील आणि अठरा पूर्ण होताच त्याच नंबरची मालकी तिच्या नावे करायची, हे लिहून ठेवलं. हे काम हमखास विसरलं जातं. मग वर्षा-दोन वर्षांनी रिचार्जअभावी सिम बंद पडतं, नवं काढायला काकू हव्यात, काकू पुण्याला लेकीकडे. तोवर एकही ओटीपी नाही.

आधारनंतर समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंब-नोंदणीचा क्रमांक. मध्य प्रदेशात हिच्यावाचून पान हलत नाही. कुटुंबाचा आठ आकडी क्रमांक, सदस्याचा नऊ आकडी. फॉस्टर मुलीचं नाव कुणाच्या समग्रमध्ये घालायचं, हा प्रश्न महापालिकेच्या झोन कार्यालयात पहिल्यांदा विचारल्यावर उत्तर मिळालं नाही. समितीचा फॉस्टर आदेश जोडून काकांच्या कुटुंब आयडीत सदस्य म्हणून नोंद झाली आणि आधारशी ई-केवायसी केली. पुढे ती वेगळी राहायला लागली की तिची स्वतंत्र आयडी करायची, हेही आराखड्यात घातलं. क्रम उलटा झाला असता, म्हणजे जुन्या आधारवर समग्र आणि समग्रवर बँक, तर तारीख बदलल्यावर तिन्ही ठिकाणी पुन्हा जावं लागलं असतं.

सतरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा नमुना ६ आगाऊ भरला. आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता-तारखा असतात, त्यामुळे तिचं नाव ऑक्टोबरच्या तारखेला धरून आलं. पॅन कार्ड मुद्दाम अठरा पूर्ण झाल्यावरच काढलं. अल्पवयीनाच्या पॅनवर फोटो-सही नसते, ते नंतर पुन्हा बदलावं लागतं.

मराठी नातलग आणि शेजारी एक गोष्ट वारंवार सांगतात, ती इथेच निकाली काढलेली बरी. अनाथांसाठीचं १ टक्का समांतर आरक्षण महाराष्ट्राचं आहे, २०१८ च्या शासन निर्णयाचं. इंदूरच्या मुलीला त्याच्या भरवशावर ठेवू नये.

'संस्था' या शब्दाची अडचण

कलम २(५) मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे आफ्टरकेअरची व्याख्या आहे : १८ पूर्ण, २१ अपूर्ण आणि संस्थात्मक देखरेख सोडलेली व्यक्ती. कलम ४६ मध्येही 'बाल देखरेख संस्था सोडणारं मूल' असेच शब्द आहेत. फॉस्टर घरातून अठराची होणारी मुलगी संस्था सोडत नाही, ती घरातच असते. अर्ज घेणारा माणूस शब्दावर बोट ठेवून 'ही बसत नाही' म्हणू शकतो, आणि त्याला सरळ चूकही म्हणता येत नाही.

उत्तर फाइलमध्येच होतं. ही मुलगी नऊ ते तेरा वयात बालगृहात होती, म्हणजे तिने संस्थात्मक देखरेख सोडलेलीच आहे. व्याख्येत 'अठराव्या वर्षीच सोडलेली' अशी अट नाही. म्हणून बालगृहातल्या प्रवेशाचा समितीचा आदेश, फॉस्टरमध्ये पाठवल्याचा आदेश आणि नमुना ७ मधला वैयक्तिक देखरेख आराखडा एकत्र लावले आणि अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात हा मुद्दा मांडला. बालगृहातला जुना प्रवेश आदेश शोधायला सात आठवडे लागले. हा एक कागद फॉस्टरला पाठवतानाच, पहिल्या दिवशी, मुलाच्या फाइलमध्ये लावावा. जी मुलं एकही दिवस संस्थेत न राहता थेट फॉस्टर घरी गेली, त्यांच्यासाठी हा रस्ता चालत नाही. त्यांचं प्रकरण समितीपुढे वेगळं मांडावं लागतं.

याच कायद्याच्या आदर्श नियम २०१६ मधल्या नियम २५ प्रमाणे संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी पुढचा आराखडा समितीपुढे जायला हवा. इथे तो चार महिने आधी दिला. दोन महिन्यांत एखादी सुट्टी, एखादी बदली आली की मुदत संपतेच. अनुरक्षणाचा आदेश नमुना ३७ मध्ये निघतो, रक्कम थेट युवकाच्या खात्यात जाते, आणि अपवादात्मक परिस्थितीत २१ नंतर आणखी दोन वर्षं वाढ मिळू शकते.

मिशन वात्सल्यची अनुरक्षणाची रक्कम दरमहा ४,००० रुपये. मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनेत बालगृह सोडलेल्या १८ वर्षांवरच्या मुलांना इंटर्नशिप किंवा व्यावसायिक प्रशिक्षणाच्या काळात दरमहा ५,००० रुपयांची तरतूद आहे. बजेट करताना दोन्ही रकमा एकत्र धरू नयेत. एकच धरावी, तीही लहान.

पैसा : एकोणीस तारखेचा प्रश्न

जुलैपासून दोन गोष्टी सुरू झाल्या. फॉस्टरच्या ४,००० मधून दरमहा १,००० रुपयांचं २४ महिन्यांचं आवर्ती ठेव खातं, आणि १,२०० रुपये मुलीच्या हातात. या बाराशेत रिचार्ज, सिटी बस, पॅड, थायरॉइडची गोळी, वह्या आणि बाकीचं सगळं. संपले तर काकूंनी द्यायचे नाहीत.

पहिल्या महिन्यात पैसे १९ तारखेला संपले. उधळपट्टी झाली नव्हती. तीनशे मैत्रिणीला उसने, साडेतीनशेचं रिचार्ज, ऑनलाइन मागवलेला एक कुर्ता. गोळ्यांची बाटली २२ ला संपणार होती, तिच्यासाठी पैसेच उरले नाहीत. दुसऱ्या महिन्यात २१ तारीख. वही लिहून फरक पडला नाही, कारण वहीत खर्च झाल्यावर लिहिलं जातं. फरक पडला तो पैसे तोडून दिल्याने. औषध आणि रिचार्जचे पैसे एक तारखेलाच बाजूला, आणि उरलेल्याचे चार भाग दर सोमवारी. महिनाभराचा पैसा एकदम हाताळायला सहा महिन्यांनी पुन्हा दिला, तेव्हा जमला. उसने दिलेले तीनशे परत आले नाहीत. सोळाव्या वर्षी तीनशे रुपयांत झालेला हा धडा एकोणिसाव्या वर्षी घरभाड्यात झाला असता.

दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावे बचत खातं उघडता आणि चालवता येतं, त्यामुळे खातं तिचंच होतं. अठरा पूर्ण झाल्यावर मात्र बँकेला नव्याने सही आणि केवायसी लागते. ते होईपर्यंत व्यवहार अडू शकतात. वाढदिवसानंतरच्या आठवड्यातला एक वार यासाठी ठरवून ठेवावा.

खरा घोटाळा वेगळ्याच जागी झाला. आयटीआयच्या पहिल्या वर्षी सगळ्या मुलांची खाती दुसऱ्या एका बँकेत उघडली गेली. फॉर्मवर 'आधार जोडणीस संमती' या चौकटीत टिक होती. सरकारी योजनांचा पैसा खाते क्रमांकावर जातोच असं नाही; आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं गेलं तिथे तो जाऊन पडतो. पुढे आयटीआयनंतरच्या प्रशिक्षणाच्या स्टायपेंडचा पहिला हप्ता याच विसरलेल्या खात्यात गेला आणि मुलगी मूळ पासबुक भरत 'पैसे आलेच नाहीत' म्हणत राहिली. कुठल्या बँकेला आधार जोडलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी घालून दोन मिनिटांत दिसतं. ओटीपी तिच्याच फोनवर येत होता, म्हणून ते त्याच दिवशी कळलं.

खातं भाड्याने मागणारे लोकही याच वयात भेटतात. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, तीन हजार तुझे.' हे सायबर फसवणुकीचे पैसे असतात आणि पोलिस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात. १९३० हा तक्रारीचा क्रमांक फोनमध्ये घातला. पण त्याहून उपयोगी पडलं ते नकाराचं एक वाक्य आधीच पाठ असणं : 'माझं खातं समितीच्या तपासणीत आहे.'

गच्चीवरची खोली

सतरा वर्षं चार महिन्यांना ती घराच्याच गच्चीवरच्या खोलीत राहायला गेली. दोन महिन्यांसाठी, वेगळी चूल, वेगळं कुलूप, वेगळा सबमीटर. अल्पवयीन मुलीला बाहेर एकटं ठेवता येत नाही, पण त्याच छपराखाली हे करता येतं. घराची परवानगी आणि समितीला कळवल्याची नोंद, दोन्ही फाइलमध्ये.

किराणा एका माणसाचा : गव्हाचं पीठ सहा किलो, तांदूळ तीन किलो, तूरडाळ सव्वा किलो, तेल एक लिटर, पोहे दीड किलो (इंदूर आहे, त्यात काटछाट होत नाही). पाच किलोचा छोटा सिलिंडर, जो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो जेमतेम महिना पुरतो.

पहिल्या रविवारी ती चोइथराम मंडीतून पाच किलो टोमॅटो घेऊन आली. स्वस्त होते. बुधवारपर्यंत अर्धे सडले. किलोचा भाव कळतो, एका माणसाचं पोट कळत नाही, कारण आजवर बालगृहात चाळीस जणींचा आणि घरी तिघांचाच स्वयंपाक पाहिलेला. डाळही पहिले आठ दिवस अशीच उरायची. शेवटी मोजायला आमटीची वाटी ठरवली : अर्धी वाटी कोरडी तूरडाळ, दोन वेळांना मिळून.

विजेचं बिल तिने स्वतः काढलं. सबमीटर ४१२ वरून ४४७ वर गेला होता. पस्तीस युनिट, आठ रुपयांनी २८०. काकांनी मुद्दाम ३६० सांगितले होते. तिने वर जाऊन आकडा पुन्हा वाचला, कागदावर वजाबाकी केली आणि खाली येऊन ऐंशी रुपयांचा हिशेब मागितला. घरमालकाशी बोलायचा सराव असा होतो. आवाज थरथरत होता, पण कागद हातात होता.

या दोन महिन्यांत सर्वांत अवघड गेलं ते काकूंना. चौथ्याच दिवशी भाजीचा डबा वर गेला. मग रोज. केसवर्करने काकूंना समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'अहो, खालून फोडणीचा वास वर जातो, आणि पोर वर खिचडी खाते. मला घास उतरत नाही.' तडजोड अशी झाली की डबा फक्त गुरुवारी, आणि तोही मुलीने वर बोलावलं तर. फॉस्टर पालकांची तयारी हा या कामाचा अर्धा भाग आहे आणि जवळजवळ कुठल्याही आराखड्यात त्यासाठी रकाना नसतो.

औषधाचा ताबा याच काळात दिला. गोळी रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी. काकू हाक मारत होत्या तोवर ती वेळेवर होत होती. वर गेल्यावर तीन आठवड्यांत अकरा दिवस ती घ्यायची राहून गेली. 'बरं वाटतंय' हे कारण. थायरॉइडची गोळी चुकली की त्याच दिवशी काही दुखत नाही, म्हणूनच ती चुकते. बाटली दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवली आणि अडचण सुटली. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत ती पहिल्यांदा एकटी गेली तेव्हा परची काढून दोन तास रांगेत थांबली आणि डॉक्टरांपुढे काय सांगायचं ते सुचलं नाही. पुढच्या वेळी चिठ्ठी होती : गोळीचं नाव आणि मात्रा, किती वर्षांपासून, शेवटचा टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीचा) अहवाल कधीचा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का.

ऑगस्टचा खड्डा

मुलीने नंदानगरच्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड घेतला होता. अठरावा वाढदिवस १४ ऑगस्टला. म्हणजे एकाच महिन्यात आयटीआय संपते, निकाल आणि प्रमाणपत्र मात्र हातात नसतं, फॉस्टरची रक्कम थांबते, अनुरक्षणाची सुरू झालेली नसते. आदेश निघणं, पोर्टलवर नोंद होणं आणि पैसा खात्यात पडणं या तीन वेगळ्या घटना आहेत. या प्रकरणात आदेश सप्टेंबरात झाला आणि पहिले पैसे डिसेंबरात आले.

मुलीला वाढदिवसाच्या आठवड्यातच बाहेर पडायचं होतं. आयटीआयच्या दोन मैत्रिणी परदेशीपुऱ्यात खोली घेणार होत्या. हिशेब तिच्यासमोरच मांडला.

सुरुवातीचा खर्च : अनामत ३,०००, पहिलं भाडं ३,०००, गादी १,५००, शेगडी-सिलिंडर २,५००, कुलूप-बादली वगैरे ६००. एकूण १०,६००. दरमहा : भाडं ३,०००, वीज-पाणी ४५०, किराणा-भाजी २,३००, गॅस ५५०, प्रवास ७००, रिचार्ज ३००, औषध आणि पॅड ३५०, किरकोळ ६००. एकूण ८,२५०. आवर्ती ठेवीतून हातात येणार साधारण २५,६००.

सुरुवातीचा खर्च वजा जाता १५,००० उरतात. पहिल्या महिन्याचं भाडं त्यातच दिलेलं, बाकी खर्च ५,२५०, उरले ९,७५०. दुसऱ्या महिन्यानंतर १,५००. तिसऱ्या महिन्याचं भाडं कुठून देणार, याला उत्तर नव्हतं. वजाबाकी तिनेच केली, त्यामुळे 'थांब' हे कुणाला सांगावं लागलं नाही.

ती अठरा पूर्ण झाल्यावरही काकूंकडेच राहिली. याला कुठल्याही आदेशाची गरज नाही. दोन्ही बाजूंची मर्जी असली की सज्ञान मुलगी तिथेच राहू शकते. पण घरात स्पष्ट बोलणं लागतं. महिन्याला हजार रुपये घरात द्यायचे, रात्री उशीर होणार असेल तर कळवायचं, आणि मुक्काम निश्चित मुदतीचा : पहिला स्टायपेंड येईपर्यंत. काकूंना हजार रुपये घ्यायला लाज वाटत होती. घ्यावेत. पाहुणी आणि भाडेकरू यांच्या मधली ही जागा मुलीला पुढे फार उपयोगी पडते.

निकालानंतर मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजनेत सांवेर रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात एलईडी ड्रायव्हरच्या (दिव्याला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) जोडणी-तपासणीचं प्रशिक्षण मिळालं. आयटीआय उत्तीर्णांना या योजनेत दरमहा ८,५०० रुपये. त्यातले ७५ टक्के, म्हणजे ६,३७५, शासन थेट खात्यात देतं आणि २,१२५ आस्थापना, म्हणजे इथे कारखाना. वर सांगितलेला चुकलेल्या खात्याचा घोटाळा इथलाच. ८,५०० मिळकत आणि ८,२५० खर्च म्हणजे महिन्याला अडीचशे शिल्लक, एका तापातच संपणारी. अनुरक्षणाचे ४,००० हेच खरं बळ. समितीपुढच्या आराखड्यात स्टायपेंडची रक्कम स्पष्ट लिहिली होती. ती लपवली तर पुढच्या तपासणीत विश्वास जातो.

नियम २५ मध्ये सहा ते आठ युवकांच्या सामूहिक निवासाचीही सोय सांगितली आहे. ज्यांच्यामागे काकू नाहीत त्यांच्यासाठी तोच पहिला पर्याय धरावा. इथे तो घेतला नाही, कारण खोली कारखान्याजवळ होती आणि मैत्रिणी ओळखीच्या.

मामा, भाऊ आणि घरमालक

जूनमध्ये, अठराला दोन महिने असताना, खंडव्याहून मामा आले. आठ वर्षांत पहिल्यांदा. 'आता मोठी झाली, आम्ही नेतो', सोबत एक स्थळ. अशी भेट बहुतेक प्रकरणांत याच सुमारास येते, कारण पैसे आणि वय दोन्हीची वार्ता फिरलेली असते. मामांना दार बंद केलं नाही. रक्ताचं माणूस कायमचं तोडलं तर मुलगी पुढे चोरून भेटते. भेटी काकूंच्या घरी, केसवर्करला माहीत, मुक्कामाला जाणं नाही, मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत, आणि लग्नाविषयी अठराच्या आत चर्चाही नाही. मूळ कागद तिच्याच कपाटात, प्रती काकूंकडे, आणि जे मिळतात ते डिजिलॉकरमध्ये. मामांनी दुसऱ्या भेटीत तिच्या ठेवीबद्दल विचारलं. तिसरी भेट झाली नाही. मामींचा फोन मात्र येतो आणि तो ती घेते.

भावाला आपल्याकडे आणायचं हे तिच्या मनात पहिल्यापासून होतं. अठराची बहीण म्हणून त्याचा ताबा आपोआप मिळत नाही, निर्णय समितीचा असतो. हे तिला सोळाव्या वर्षीच सांगितलं, नाहीतर अठराव्या वाढदिवशी तिला ती फसवणूक वाटली असती. भेटीचे रविवार ठरले. वर दिलेल्या 'किरकोळ' सहाशेतले दोनशे भावाचे आहेत. ते वेगळे न दाखवता खर्च होतात तेव्हा हिशेब कधीच जुळत नाही.

घरमालकांचा पहिला प्रश्न : 'वडील काय करतात?' दोन वाक्यं आधीच बसवून घेतली होती. 'आई लहानपणी गेली. मी राजेंद्रनगरला काकूंकडे वाढले, हा त्यांचा नंबर.' हे सगळं खरं आहे आणि एवढं पुरतं. बालगृह, समिती, आदेश यांतलं काहीही घरमालकाला किंवा कारखान्याच्या मालकाला दाखवायला ती बांधील नाही. पोलिसांत द्यायच्या भाडेकरू माहितीत काकूंचं नाव 'स्थानिक संपर्क' म्हणून घातलं, 'जामीनदार' म्हणून नव्हे. घरमालकांनी दुसरा शब्द लिहून आणला होता, तो खोडायला लावला. भाडेकरार अकरा महिन्यांचा, अनामत परतीची ओळ हाताने वाढवलेली.

ती नोव्हेंबरच्या शेवटी परदेशीपुऱ्यात गेली. पहिले तीन रविवार काकूंकडे जेवायला, चौथ्या रविवारी गेली नाही. डिसेंबरात ताप आला आणि दोन दिवस तिने कुणालाच कळवलं नाही. 'आता मी वेगळी राहते, त्रास कशाला द्यायचा' हे कारण. सांगितलं मैत्रिणीने. स्वतंत्र राहणं म्हणजे कुणाला न सांगणं अशी समजूत या मुलांत फार पक्की असते, आणि शिबिरांतली भाषणं ती आणखी पक्की करतात. त्यानंतर नियम ठरला : ताप एका दिवसाहून जास्त राहिला, कामावरून खाडा झाला किंवा भाडं पाच तारखेच्या पुढे गेलं, तर काकूंना किंवा केसवर्करला फोन. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, अठरानंतर तिच्यासाठी १८१ आणि ११२. केसवर्करची भेट सहा महिने दरमहा, पुढे तीन महिन्यांनी एकदा.

पुढची कामं

सीखो-कमाओची मुदत वर्षाची, ती येत्या ऑक्टोबरात संपेल. दोन पर्याय मांडून ठेवले आहेत. एक, त्याच कारखान्यात पगारी नोकरी. मालकांनी ११,००० तोंडी सांगितले आहेत, लेखी नाही. दुसरा, दहावी आणि दोन वर्षांची आयटीआय यांच्या आधारे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. त्यात दोन वर्षं स्टायपेंड नसेल, फक्त अनुरक्षणाची रक्कम, आणि ही दोन वर्षं संपण्याआधीच ती २१ पूर्ण करेल. म्हणून हा पर्याय घ्यायचा तर मुदतवाढीचा अर्ज शेवटच्या सहामाहीत नव्हे, प्रवेशाच्या वेळीच द्यायचा आहे. स्वतंत्र समग्र आयडी अजून झालेली नाही. नव्या पत्त्याचा भाडेकरार जोडून झोन कार्यालयात ते काम जानेवारीत करायचं आहे. सिम तिच्या नावावर झालं आहे.